घरातली क्रीम, काजळ, कलप: आधी काय काढून टाकायचं, लेबल कसं वाचायचं आणि नागपुरात तक्रार कुठे करायची

अकोल्यातल्या एका विद्यार्थिनीने 2022 मध्ये तिथल्याच ब्युटीशियनकडून रंग उजळवणारी क्रीम घेतली. चेहऱ्यावर फरक दिसला, लोक विचारायला लागले, म्हणून आई आणि बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. पुढे तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीम तपासली तेव्हा तिच्यात पारा निघाला.

अकोला आपल्या विदर्भातलंच. तशा बिनलेबलच्या डब्या नागपुरातही हातोहात खपतात: पार्लरमधून, ओळखीच्या ताईकडून, व्हॉट्सअॅप ग्रुपवरून, बाजाराच्या दिवशी फुटपाथवरून. आणि त्याच वेळी त्याच घरात "पॅराबेन नसलेला" महागडा शाम्पू येतो, कारण पॅराबेनची, म्हणजे माल टिकवायला घालतात त्या रसायनाची, भीती आपल्याला नीट शिकवली गेली आहे. माझ्या मते भीतीचा हा क्रम उलटा झाला आहे. ज्या वस्तूवर काहीच लिहिलेलं नाही, ती सगळ्यात आधी घराबाहेर गेली पाहिजे. शाम्पूची चर्चा नंतर. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: सगळं एका चादरीवर काढा

रविवारी दुपारी तासभर काढा. बाथरूमची फळी, ड्रेसिंग टेबल, पर्स, देवघर (हो, देवघरसुद्धा, कारण पुढे कुंकू आणि शेंदूर यांच्याबद्दल लिहिलं आहे), आजीची डबी, लेकराची पावडर, सगळं एका चादरीवर मांडा. घरातल्या पुरुषांच्या वस्तू विसरू नका. केसांचा कलप, दाढीचं क्रीम आणि नायट्यासाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब बहुतेक वेळा त्यांच्याच कप्प्यात सापडते.

आता तीन ढीग करा. पहिल्यात लेबल नसलेलं, लेबल खरवडलेलं, किंवा फक्त परदेशी लिपीत छापलेलं सगळं. दुसऱ्यात लहान पॅक, ज्यांच्यावर नाव आहे पण घटकांची यादी नाही. तिसऱ्यात पूर्ण लेबल असलेलं. पहिल्या ढिगाचा निर्णय लगेच घ्या: आजपासून वापर बंद. मात्र फेकू नका. तक्रारीसाठी लागेल, आणि पारा असेल तर तो नालीत जाता कामा नये.

दुसरी पायरी: लेबल वाचायचं कसं

भारतात 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि डिसेंबर 2020 पासून लागू झालेले सौंदर्यप्रसाधन नियम यांनुसार लेबलवर उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि भारतातल्या जबाबदार कंपनीचं नाव-पत्ता लागतो. कोरियन किंवा पाकिस्तानी म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमवर हा क्रमांक नसेल, तर ती चोरवाटेने आलेली किंवा इथेच भरलेली आहे असं समजा.

घटकांची यादी उतरत्या क्रमाने असते. ज्याचं प्रमाण जास्त ते आधी, आणि 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने. म्हणजे डबीवर मोठ्या अक्षरांत "केशर" आणि यादीत ते अगदी तळाशी असेल, तर त्यात केशर नावापुरतं आहे.

इथे एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. 60 मिलीपेक्षा कमी द्रव आणि 30 ग्रॅमपेक्षा कमी घट्ट किंवा अर्धघट्ट मालाच्या पॅकवर घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. काजळाची कांडी, दहा रुपयांची क्रीम, शाम्पूची पुडी हे सगळं त्यात बसतं. अनेक चांगल्या कंपन्या तरीही यादी छापतात, पण सक्ती नाही. परिणाम असा, की ज्या बाईला महिन्याची मोठी बाटली परवडत नाही, तिच्याच हातात काही न सांगणारा पॅक येतो. हे मला टोचतं. सूट मात्र यादीपुरती आहे. माल कोणी बनवला आणि कधीपर्यंत वापरायचा, हे लहान डबीवरही असलंच पाहिजे. दुसऱ्या ढिगातल्या वस्तू या कसोटीवर लावा. पुडीची यादी हवी असेल तर दुकानात त्याच मालाची मोठी बाटली उचलून मागची बाजू मोबाइलवर टिपून घ्या.

"हर्बल", "आयुर्वेदिक", "केमिकल-फ्री" हे शब्द पाहून यादी वाचायचं सोडू नका. काळ्या मेंदीच्या कोनावरही "हर्बल" लिहिलेलं असतं.

तिसरी पायरी: रंग उजळवणाऱ्या क्रीम (इथे सर्वांत जास्त वेळ द्या)

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची प्रक्रिया अडवतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो. पारा स्वस्त आहे. तो त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडांत साठतो. केरळमधल्या डॉक्टरांनी "किडनी इंटरनॅशनल" या नियतकालिकात याबद्दल लिहिलं आहे. जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात त्यांच्याकडे मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण आले. त्यातल्या 15 जणांमध्ये एक ठरावीक प्रथिन सापडलं, आणि त्या 15 पैकी 13 जण रंग उजळवणारी क्रीम वापरत होते. क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला, म्हणून वेळेत ओळखणं फार मोलाचं.

आपल्या नियमांत डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी पाऱ्याची मर्यादा 70 पीपीएम आहे. बाकी प्रसाधनांत नकळत आलेला पारा 1 पीपीएमच्या वर चालत नाही. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली आहे. नियम चांगले आहेत, पण बिनलेबलच्या डबीपर्यंत ते पोचतच नाहीत.

घरच्या घरी पारा मोजता येत नाही. संशय घ्यायच्या खुणा मात्र आहेत. आठ-पंधरा दिवसांत रंग कित्येक छटा उतरणे. लावणं थांबवताच चेहरा आधीपेक्षा काळवंडणे. क्रीम राखाडी किंवा फिकट पिवळसर झाक असलेली असणे. "सोन्या-चांदीच्या दागिन्यांना, अॅल्युमिनियमला, रबराला लागू देऊ नका" अशी सूचना असणे. ही सूचना दिसली की डबी बंद करून बाजूला ठेवा, कारण पारा धातूंना धरतो. लेबलवर मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी काही दिसलं तर प्रश्नच मिटला.

अशी क्रीम काही महिने लावली असेल आणि सकाळी डोळ्यांखाली किंवा पायांवर सूज येत असेल, लघवीला फेस येत असेल, हात थरथरत असतील, तोंडाला धातूसारखी चव असेल, तर लघवीची साधी तपासणी करून घ्या. तिच्यात प्रथिनं जात आहेत का ते कळतं, आणि खर्च फारसा नाही. मेडिकल कॉलेज आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा मिहानमधलं एम्स, यांच्या ओपीडीत जाताना क्रीमची डबी सोबत न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा. मूत्रपिंडाच्या तक्रारीत क्रीमचा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

पारा लावणाऱ्या बाईपुरता राहत नाही. तिच्या हातांतून, टॉवेलातून, उशीच्या अभ्र्यातून तो लेकरांपर्यंत जातो. म्हणून लघवीची तपासणी करायची असेल तर घरातल्या सगळ्यांची करा, आणि ते टॉवेल-अभ्रे बदला.

आता दुसरा धोका: स्टेरॉइड. "डॉक्टरची गोरेपणाची ट्यूब" म्हणून मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जाणाऱ्या ट्यूबवर बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन लिहिलेलं असतं. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड. बीटामिथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ही त्याच घराण्यातली आणखी नावं. ही औषधं आहेत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोड्या दिवसांसाठी उपयोगीही आहेत. महिनोन्महिने चेहऱ्यावर चोळली की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते, पुरळ उठतं आणि उन्हात पाऊल ठेवलं की आग होते. नागपूरच्या मे महिन्यात त्या चेहऱ्याने बाहेर पडणं म्हणजे छळ आहे. मार्च 2018 मध्ये सरकारने अशी 14 स्टेरॉइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. तरीही काउंटरवर नुसतं नाव सांगितलं की मिळतात.

ट्यूब अनेक महिने लावत असाल तर एका दिवसात बंद करू नका. चेहरा भडकतो, घाबरून पुन्हा तीच लावली जाते आणि फेरा सुटत नाही. त्वचारोगतज्ज्ञ ती हळूहळू उतरवतात. घामाने मांडीत-काखेत झालेल्या नायट्यावरही स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब चालवली जाते. खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो.

लग्न ठरवायच्या वर्षी सावळ्या मुलीच्या हातात डबी देणारी आई वाईट नसते. पाहुण्यांच्या एका वाक्याने ती खचलेली असते. तिच्याशी बोलताना रंगावर व्याख्यान देऊ नका. "काकू, ही कोणाची आहे, बिल आहे का, लघवी तपासली का" एवढंच विचारा. तेवढ्याने ती ऐकते.

चौथी पायरी: कुंकू, टिकली, काजळ आणि शेंदूर

शेंदूर म्हणजे परंपरेने शिशाचं ऑक्साइड. मारुतीला चढवणं वेगळं. तो बोटाने कपाळाला आणि मग त्याच बोटाने लेकराच्या कपाळाला लावणं वेगळं. शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं, आणि मुलं बोटं तोंडात घालतातच. भांगात भरायच्या सिंदूरचंही तेच. नागपुरात तो भरणारी घरं पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2017 मध्ये न्यूजर्सी आणि भारतातून घेतलेल्या 118 नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. बऱ्याच नमुन्यांत शिसं तिथल्या 20 पीपीएमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. आपल्याकडेही प्रसाधनांच्या रंगात शिशाची मर्यादा 20 पीपीएमच आहे, आणि रंगासाठी शिशाची संयुगं वापरायला बंदी आहे. तेव्हा सुटा, तोलून मिळणारा सिंदूर घेऊ नका. देवाचा शेंदूर वेगळ्या डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, आणि लावून झाल्यावर हात साबणाने धुवा.

कुंकू घरी करणाऱ्या बायका अजून आहेत. अल्कधर्मी पदार्थ मिसळला की हळद लाल होते, जुनं कुंकू त्यावरच होत असे. करायचं असेल तर सुट्या भडक पिवळ्या पुडीऐवजी हळकुंडं आणून दळा, कारण हळदीला रंग यावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार झालेले आहेत. वायगावची हळकुंडं आपल्याकडे सहज मिळतात.

टिकलीखाली पांढरा डाग पडलेल्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. टिकलीच्या डिंकातलं पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉल हे रसायन रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी मारतं, त्यामुळे तो डाग पडतो. खाज सुटली किंवा जागा फिकट दिसली की चिकट टिकली तिथेच थांबवा. लवकर थांबवलं तर रंग परत येण्याची शक्यता राहते. रात्री टिकली काढून ठेवणं ही सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी.

सुरम्यात शिशाचं सल्फाइड असू शकतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ किंवा सुरमा अजिबात नको, घरी दिव्यावर धरलेलं काजळही नको. तीट लावायचीच असेल तर कानामागे लावा. तळपायाला लावली तर पाय तोंडात जातो.

पाचवी पायरी: केस

केस काळे करणाऱ्या बहुतेक कलपांत पॅराफेनिलीनडायअमीन असतं, लेबलवर ते "पीपीडी" म्हणूनही दिसतं. त्याची अॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते. असा कलप विकताना पूर्वतपासणीची सूचना आणि पापण्या-भुवयांना न लावण्याचा इशारा देणं बंधनकारक आहे, कारण डोळा जाऊ शकतो. पुडी फोडून आपण ती चिठ्ठी आधी फेकतो. तपासणी अशी करा: कानामागची किंवा कोपराच्या आतली रुपयाएवढी जागा धुऊन पुसा, तयार केलेला कलप थोडा लावा, वाळू द्या, 24 तासांनी धुवा. लाली, खाज, फोड काहीही आलं तर तो कलप तुमच्यासाठी नाही. मी आणखी एक दिवस थांबायला सांगेन, कारण ही प्रतिक्रिया 48 तासांनीही येते. आधी दहा वेळा लावलाय म्हणून तपासणी टाळू नका, अॅलर्जी अकराव्या वेळीही सुरू होते.

खरी मेंदी आधी नारिंगी दिसते आणि दोन दिवसांत गडद तांबूस होते. तासाभरात कुट्ट काळी होणारी मेंदी म्हणजे तिच्यात पीपीडी घातलेलं आहे. लग्नात नवरीसोबत पाच-सहा वर्षांच्या मुलींच्या हातावरही तीच काढली जाते. मेंदीवालीला आधीच सांगा: लवकर रंगणारी नको.

केस सरळ करणं, केराटिन. इथे क्रीममधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने कर्करोगकारक ठरवलेलं आहे. तापलेली पट्टी ओल्या क्रीमवरून फिरली की पांढरी वाफ उठते, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. ग्राहक वर्षातून एकदा ती वाफ घेते, करणारी मुलगी रोज घेते. आणि उन्हाळ्यात एसीची हवा जाऊ नये म्हणून पार्लरचं दार घट्ट लावलेलं असतं. "फॉर्मल्डिहाइड-फ्री" बाटलीवर मिथिलीन ग्लायकॉल असेल तर तापल्यावर तेच सुटतं. ग्लायऑक्सिलिक अॅसिडवाल्या क्रीमनंतर मूत्रपिंड अचानक निकामी झाल्याची उदाहरणं डॉक्टरांनी नोंदवली आहेत. अमेरिकेत 33,497 महिलांवर सुमारे 11 वर्षं चाललेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 2022 मध्ये आला: वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्या बायकांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण 4.05 टक्के, कधीच न करणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के. माझा सल्ला सरळ आहे: करू नका. गरोदर असाल, दमा असेल, तर त्या खोलीत बसूही नका.

दात, पावडर, सुगंध: थोडक्यात

दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून बंदी आहे. गुडाखू, गुल, मिश्री घासणं म्हणजे तंबाखू हिरडीत चोळणं, दात स्वच्छ करणं नव्हे. लेकराच्या घामोळ्यांवर टाल्कचा धुरळा उडवू नका, तो फुप्फुसात जातो. सुती झबलं आणि दोनदा अंघोळ पुरे. 2024 मध्ये टाल्कला "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकलं गेलं.

पॅराबेन आणि थॅलेट यांचं काय? हे शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात लुडबुड करतात, ही चिंता खरी आहे. थॅलेट हे सुगंधासोबत वापरलं जाणारं रसायन, ते यादीत सहसा "परफ्यूम" किंवा "फ्रॅग्रन्स" या एका शब्दामागे लपतं. कॅलिफोर्नियातल्या सालिनासमध्ये 100 किशोरवयीन मुलींनी फक्त तीन दिवस या रसायनांशिवायची उत्पादनं वापरली. लघवीतल्या मिथाइल आणि प्रोपाइल पॅराबेनचं प्रमाण साधारण 44-45 टक्के उतरलं, एका थॅलेटचं 27 टक्के. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वस्तीतली तरुण मुलंमुलीच संशोधक म्हणून काम करत होती. यातून खर्च न करता करायचं काम निघतं: वस्तूंची संख्या कमी करा आणि सुगंध नसलेलं निवडा. मात्र टिकवणारं काहीच नसलेली घरगुती क्रीम आपल्या उन्हाळ्यात आठवड्यात बुरशी धरते, आणि ती चेहऱ्याला लावणं पॅराबेनपेक्षा वाईट.

सहावी पायरी: पार्लर आणि बचत गट

घरचं कपाट साफ केलं की थांबू नका. बचत गटाच्या बैठकीत प्रत्येकीला आपली क्रीम घेऊन यायला सांगा आणि तीन ढीग तिथेच करा. एकाच बिनलेबलच्या डबीचे चार-पाच नमुने एका गल्लीत निघाले, तर विकणारा एकच आहे हे कळतं आणि तक्रारीत वजन येतं.

पार्लरच्या ताईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. सगळ्यात जास्त रसायन तिच्याच अंगात जातं, आणि डबीत काय आहे हे तिलाही कोणी सांगितलेलं नसतं. तिला तीन गोष्टी सुचवा: कलप लावताना नायट्राइलचे हातमोजे, दोन समोरासमोरच्या खिडक्या किंवा बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि घाऊक दुकानातून माल घेताना पक्कं बिल.

सातवी पायरी: तक्रार

महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, हे यासाठीचं खातं. नागपुरात त्याचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे, टोल-फ्री क्रमांक 1800-222-365. लेखी अर्जात लिहा: वस्तूचं नाव, कुठून आणि कधी घेतली, किती दिवस लावली, काय झालं. सोबत डबीचे सगळ्या बाजूंचे फोटो, बिल किंवा यूपीआयची नोंद, डॉक्टरांची चिठ्ठी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, ती नसेल तर पाठपुरावा करता येत नाही. दुकानदार पैसे परत देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. स्टेरॉइडची ट्यूब हे औषध आहे, म्हणून तिच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 वर होते.

आणखी एक हक्क कायद्यात आहे आणि तो वापरायला हवा. 1940 च्या कायद्याच्या कलम 26 नुसार कोणीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना, विकत घेतलेलं प्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकते आणि अहवाल मिळवू शकते. त्यासाठी न उघडलेले दोन पॅक घ्या, बिल घ्या, एक अर्जासोबत द्या, दुसरा सीलबंद घरी ठेवा. फी एकटीला जड वाटली तर गटाने वाटून घ्या.

उरलेल्या संशयित डब्या धुऊ नका. झाकण घट्ट लावून दोन पिशव्यांत बांधा, वर लाल पेनने "घातक" लिहा आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घरगुती घातक कचरा म्हणून घंटागाडीवाल्याच्या हातात वेगळ्या द्या. बेसिनमध्ये ओतलेला पारा नाल्यांतून नाग नदीत जातो, तिथून कन्हानमध्ये आणि पुढे वैनगंगेत, जिच्या गोसीखुर्द जलाशयात मासेमारी चालते. तक्रार दिलेली असेल तर अहवाल येईपर्यंत एक डबी मात्र तशीच, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी राखून ठेवा.